नरसिंग किती वाजता गेला

शवागाराच्या व्हरांड्यात ती बाई सकाळी नऊपासून बसून होती. मांडीवर वायरची पिशवी, डोक्यावर घट्ट ओढलेला पदर. डॉ. शिवकांता बिरादार दोनदा तिच्यासमोरून गेली. या व्हरांड्यात बसणारी माणसं बहुतेक मयत ताब्यात मिळायची वाट पाहत असतात, त्यामुळं तिनं काही विचारलं नाही. तिसऱ्यांदा ती चहाला निघाली, तेव्हा बाई उठून आडवीच आली.

"रक्तावरून टाइम सांगणाऱ्या मॅडम तुमीच का?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"हितल्याच एका मामानं. म्हनले, मॅडम हरेक मयताचं रक्त घेऊन ठिवतात, अन् मानूस कवा गेलं ते काढतात. माझ्या दिराचं बी घेतलं आसंल तुमी. एप्रिलात आनलं व्हतं त्याला, मुखेडकडून. नरसिंग नाव."

बाईचं नाव केवळाबाई. मुखेडपासून सात किलोमीटरवर गाव. तिचा मुलगा शिवम लातूरला एका दुकानात मोबाइल दुरुस्तीचं काम करायचा. एप्रिलमध्ये दोन दिवसांसाठी गावी आला, आणि परत जायच्या दिवशी सकाळी सात वाजता चुलत्याशी बांधावरून त्याची कडाक्याची भांडणं झाली. अर्ध्या गावानं ऐकली. शिवम सव्वाआठच्या बसनं लातूरला गेला. दुपारी अडीच वाजता नरसिंग आपल्या विहिरीवर मोटारीच्या खोलीत मरून पडलेला सापडला. डोक्याला मागून मार. नरसिंगची बायको पारूबाई तेव्हा माहेरी देगलूरला होती. ती आली आणि तिनं पुतण्याचं नाव घेतलं. डॉक्टरांच्या अहवालात मृत्यूची वेळ सकाळी सहा ते आठ अशी आली. शिवम सात महिने झाले आत होता.

"त्यानं मारलं न्हाई, मॅडम. भांडला, ते खरं हाय. शिव्या बी दिल्या. पन मारलं न्हाई."

"मावशी, हे तुम्ही आई म्हणून सांगताय."

"हाव. आई हाय म्हनूनच सांगून राहिले. पन तुमी माझ्यावर इश्वास ठिवू नका. तुमच्या रक्तावर ठिवा."

शिवकांताला हे बोलणं आवडलं. तिनं केवळाबाईला कँटीनमध्ये बसवून चहा पाजला आणि स्पष्ट सांगितलं, "मी बघते. पण जे निघेल ते निघेल. तुमच्या मुलाच्या विरुद्ध निघालं तरी मी ते झाकणार नाही."

"चालंल," केवळाबाई म्हणाली, आणि बशीतला चहा न सांडता प्याली.

शिवकांता उदगीरची. वडिलांचं मसाल्याचं दुकान, घरात चार भिंतींवर चार महादेव, आणि मुलगी मात्र प्रेतं फाडायच्या शास्त्रात गेली म्हणून पाहुण्यारावळ्यांत तोंडं वाकडी झालेली. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. नांदेडला शिकायला आली तेव्हा विभागाचे प्रमुख डॉ. उमाशंकर होते. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी तिच्या हातात थर्मामीटर देऊन एका प्रेताचं तापमान घ्यायला लावलं. मरून पाच तास झालेल्या माणसाचं अंग एकोणचाळीस डिग्री भरलं, जिवंतपणी असतं त्याहून जास्त.

"पुस्तकात काय लिहिलंय? तासाला अमुक इतकं थंड होतं," सर म्हणाले होते. "पुस्तक लिहिणाऱ्यानं मे महिन्यातलं नांदेड पाहिलेलं नाही. इथं मेलेला माणूस थंडच होत नाही, शिवकांता. मग वेळ कशावरून काढायची? अंगाच्या ताठरपणावरून. आणि त्याचाही उन्हाळ्यात भरवसा नाही."

तिथूनच तिच्या डोक्यात भुंगा शिरला. माणूस जिवंत असतो तोवर रक्तातल्या पेशी पोटॅशियम स्वतःच्या आत धरून ठेवतात. जीव गेला की ती पकड सुटते, आणि पोटॅशियम बाहेर, रक्ताच्या पाण्यात, उतरत जातं. तासागणिक वाढत जातं. साखर तशीच कमी होत जाते. हे जगाला ठाऊकच होतं. पण आपल्या हवेत, आपल्या उन्हात ते किती वेगानं होतं, हे कुणी मोजून ठेवलं नव्हतं. शिवकांतानं कॉलेजच्या समितीची परवानगी काढली आणि मोजायला घेतलं. दवाखान्यात ज्यांच्या मृत्यूची वेळ मिनिटापर्यंत नोंदलेली असे, त्यांचं रक्त ठरावीक तासांनी घ्यायचं आणि आकडा मांडायचा. सहा वर्षं झाली. उन्हाळ्याचा एक तक्ता, पावसाळ्याचा एक, हिवाळ्याचा एक. ज्यांची वेळ ठाऊक नसे अशांचाही नमुना ती घेत असे, पण त्यावर फक्त क्रमांक टाकायचा, नाव नाही, प्रकरण नाही. त्यामुळं नरसिंगचं रक्त आपल्याकडं आहे हे खुद्द तिलाही माहीत नव्हतं.

प्रयोगशाळेतला सिद्धराम हा तिचा सहा वर्षांचा सोबती. यंत्र चालवणारा, कमी बोलणारा. तिनं शवागाराच्या नोंदवहीतून तारीख आणि क्रमांक काढला, त्यानं रजिस्टरातलं पान उघडलं.

"दोनशे अठरा," तो म्हणाला. "मांडीच्या शिरेतून घेतलंय. संध्याकाळी पाच चाळीस. सहाला मशीनवर लावलं. रंग जरा गुलाबी, असं मीच लिहिलंय."

शिवकांतानं आकडा उन्हाळ्याच्या तक्त्यावर धरला. मग पुन्हा धरला. साखरेचा आकडा वेगळा ताडून पाहिला. दोन्ही एकाच जागी येत होते.

"किती?" सिद्धरामनं विचारलं.

"सहा तासांच्या आसपास. फार तर साडेसात. म्हणजे सव्वादहा ते पाऊणच्या मधे."

"अन् अहवालात?"

"सहा ते आठ."

"कुनी लिहिला?"

शिवकांतानं अहवालाच्या तळाशी असलेली सही त्याच्याकडं वळवली. सही डॉ. उमाशंकर यांची होती. निवृत्त व्हायच्या आधीच्या शेवटच्या महिन्यातली.

सिद्धरामनं चष्मा काढून पुसला. "अवघड हाय, मॅडम."

"आकडा अवघड नाही," शिवकांता म्हणाली. "सरांना सांगणं अवघड आहे."

ते तिनं टाळलं मात्र नाही. कुणाला कागद पाठवायच्या आधी सरांना तोंडानं सांगायचं, एवढं तिनं तिथंच ठरवलं. रविवारी सकाळच्या बसनं ती त्यांच्या घरी लातूरला गेली. लॅपटॉप, रजिस्टर आणि अहवालाची प्रत, तिन्ही पिशवीत. बसमध्ये बोलणं जुळवून ठेवावं असं तिला वाटलं, पण अहमदपूर येईपर्यंत तिनं तो नाद सोडून दिला. सरांसमोर जुळवलेलं बोलणं चाललेलं तिला कधी आठवत नव्हतं.

औसा रोडच्या घरी सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. कपाळावर विभूती, अंगात बनियन. उदगीरची माणसं भेटली की त्यांची कन्नड जागी होई.

"बा, शिवकांता, बा! आत ये. अगं, सुशीला कर हिच्यासाठी," त्यांनी आत हाक दिली.

मुरमुऱ्यांची सुशीला खाऊन होईपर्यंत शिवकांता थांबली. मग तिनं अहवाल त्यांच्यापुढं ठेवला.

"सर, यातली वेळ चुकली आहे, असं माझं मत आहे."

सरांनी अहवाल हातात घेतला नाही. सही पाहिली, एवढंच. चेहऱ्यावरची शीर न शीर आखडली.

"पूर्ण अंग ताठ होतं. मान, हात, पाय, सगळं. साडेपाचला मी पाहिलं. एवढा ताठरपणा यायला नऊ-दहा तास लागतात. हे तुला मीच शिकवलंय."

"शिकवलंय, सर. आणि उन्हाळ्यात त्याचा भरवसा नाही, हेही तुम्हीच शिकवलंय."

 आतून कुकरची शिट्टी झाली. मग सर उठले, शर्ट घालून आले, टेबल सावलीत ओढून घेतलं आणि म्हणाले, "काढ रजिस्टर."

त्या दुपारी त्यांनी तिला परीक्षेला बसवावं तसं बसवलं. रक्त कुठून घेतलं? छातीतून का नाही? सुई केवढी होती? नमुना यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करायला किती वेळ लागला? रंग गुलाबी म्हणजे पेशी फुटल्या होत्या का? शिवकांता एकेकाचं उत्तर देत गेली. मग त्यांनी फूटपट्टी घेतली आणि उन्हाळ्याच्या तक्त्यामागच्या एकशे चौसष्ट नोंदी ओळीनं वाचायला सुरुवात केली. तास गेला, दोन तास गेले. पत्नीनं दोनदा जेवायला बोलावलं, त्यांनी हात हलवून नाही म्हटलं.

नव्वदाव्या ओळीच्या पुढं पट्टी थांबली.

"ही काय आहेत? अतिदक्षता विभागातली माणसं. मेल्यावर रक्त घ्यायच्या आधी शीतपेटीत ठेवलीत."

शिवकांता वाकून पाहू लागली. अशा अकरा नोंदी होत्या. पेटीत ठेवल्याची वेळ शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात होती, आणि तिनं ती हिशेबात घेतली नव्हती. थंडीतलं रक्त उन्हाळ्याच्या तक्त्यात. तिचे कान तापले.

"माझी चूक आहे, सर."

"आहेच. काढून टाक आणि परत मांड."

तिनं तिथंच लॅपटॉपवर अकरा नोंदी वगळल्या. रेषा थोडी हलली, अंदाजाची फट रुंदावली. सव्वादहा ते पाऊण होतं, ते आता साडेनऊ ते सव्वा झालं.

"साडेनऊ," सर म्हणाले. "सव्वाआठच्या बसनं गेलेला पोरगा तरीही सुटतो म्हणतेस. सव्वा तासाचं अंतर आहे फक्त. वकील विचारेल, गुलाबी रक्ताचं काय? आणखी कशानं आकडा चुकला असेल तर?"

इथं मात्र शिवकांता अडखळली नाही. या प्रश्नाचं उत्तर तिनं सहा वर्षं स्वतःलाच दिलेलं होतं.

"सर, पेशी फुटल्या तर पोटॅशियम वाढतं. नमुना उशिरा फिरवला तर वाढतं. अंग तापलं तर वाढतं. मंदावतं ते फक्त थंडीनं, आणि नरसिंग शीतपेटीत नव्हताच. म्हणजे माझा आकडा चुकला असेल तर तो जास्तीकडं चुकलाय, आणि नरसिंग मी म्हणते त्याच्याही नंतर मेलाय. साऱ्या चुका एकाच बाजूला ओढतात. दुपारकडं. सकाळकडं ओढणारी एकही नाही."

सरांनी पट्टी खाली ठेवली. डोळे मिटून ते खुर्चीत मागं टेकले. आता ते रागावतील असं तिला वाटलं. पण ते वेगळंच बोलले.

"त्याच्या उजव्या हाताच्या बोटावर एक राखाडी, कडक डाग होता. मधे खोलगट. तुला दिसला होता?"

"मी फक्त रक्त घेतलं होतं, सर."

"मला दिसला. विजेच्या झटक्याचा असतो तसा. मी फौजदाराला विचारलंसुद्धा, मोटार चालू होती का? तो म्हणाला, सर, त्या आठवड्यात शेतीच्या लाईनला अकराशिवाय लाईट येतच नव्हती. सकाळी सहा-सातला तारेत जीवच नाही, तर झटका कसला? मला ते पटलं. कारण वेळ मीच ठरवून बसलो होतो. डोक्याच्या जखमेतून रक्तही फार कमी आलं होतं. ते खटकलं होतं मला. आणि झटक्यानं गेलेला माणूस उन्हाळ्यात किती लवकर ताठतो! सगळं समोर होतं, शिवकांता. चुकीच्या वेळेच्या दोरीत मी सगळं ओवत गेलो."

"त्या डागाचा तुकडा..."

"ठेवलाय. ठेवणार नाही का? पॅथॉलॉजीला पाठवला होता. अहवाल यायच्या आत मी निवृत्त झालो. तिथंच असेल."

ते उठले. "चल, आधी जेवून घे. मग दोघं मिळून लिहू. तुझी सही वर, माझी खाली."

तुकड्याचा अहवाल सिद्धरामनं दोन दिवसांत शोधून काढला. पॅथॉलॉजीनं मे महिन्यातच लिहून ठेवलं होतं की, कातडीतले बदल विजेच्या झटक्याशी जुळतात, घटनास्थळाची माहिती घ्यावी. कागद पोलिसांकडं गेला होता आणि फायलीत लागला होता. सकाळी लाईटच नव्हती, मग माहिती कसली घ्यायची, असं म्हणून कुणी तो पुन्हा उघडला नव्हता. आता दोघांच्या सहीचा अहवाल हाती आल्यावर नवा तपास अधिकारी, बसवराज नावाचा, स्वतः विहिरीवर गेला. मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडली तर आतली वायर सोललेली, पत्र्याला टेकलेली. प्रेत पहिल्यांदा ज्यानं पाहिलं होतं त्यानं आता सांगितलं की, नरसिंग पेटीखालीच, मोटारीच्या लोखंडी बैठकीवर डोकं आपटून पडला होता. पंचनाम्याच्या आधी आपणच त्याला ओढून दाराशी आणलं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. लाईट आली की मोटार सुरू करायची म्हणून नरसिंग सकाळपासून शेतातच थांबला असणार. फोनही घरी विसरला होता, त्यामुळं भांडणानंतर तो जिवंत होता हे सांगणारं कुणी नव्हतं.

जानेवारीत नांदेडच्या कोर्टात साक्ष झाली. सरकारी वकील मंजुश्री मॅडम आकसानं विचारणाऱ्या नव्हत्या, पण त्या काही सोडणाऱ्याही नव्हत्या. आपल्याच फिर्यादीचा पाया निघतोय म्हटल्यावर त्यांना तो हलवून पाहणं भाग होतं.

"डॉक्टर, तुम्ही मृत्यूची नेमकी वेळ सांगू शकता?"

"नाही. नेमकी वेळ कुणीच सांगू शकत नाही. मी साडेनऊ ते सव्वा सांगते."

"म्हणजे हा अंदाज झाला."

"हो. अंदाजच. पण सकाळचे सात त्यात बसत नाहीत, आणि आठही बसत नाहीत. सात वाजता मेलेल्या माणसाचं पोटॅशियम उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत एवढं कमी राहिल्याचं एकही उदाहरण माझ्या एकशे त्रेपन्न नोंदींत नाही."

"आधी एकशे चौसष्ट होत्या ना?"

"होत्या. अकरा चुकीच्या निघाल्या. त्या काढल्या. कोणत्या आणि का, ते परिशिष्टात लिहिलंय."

न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं. "चूक कुणी शोधली?"

"माझ्या सरांनी. ते बाहेर बसलेत. पुढची साक्ष त्यांचीच आहे."

उमाशंकर सर पिंजऱ्यात आले तेव्हा काठी टेकत आले, पण बोलले उभ्यानंच. आपला पहिला अहवाल हातात धरून त्यांनी सांगितलं, "यातली वेळ मी ताठरपणावरून काढली होती. ती चुकली. वेळ चुकल्यामुळं कारणही चुकलं. डॉ. बिरादार यांनी काढलेली वेळ मला मान्य आहे, आणि ती धरून सगळं पुन्हा तपासलं तर मृत्यू विजेच्या झटक्यानं झाला असं माझं मत आहे." शिवकांता मागच्या बाकावरून ऐकत होती. चाळीस वर्षांत या माणसानं कोर्टात शेकडो साक्षी दिल्या असतील. आजच्याइतका सरळ त्यांचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

निकाल फेब्रुवारीत लागला. शिवम सुटला. कोर्टाच्या आवारात केवळाबाईनं मुलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिलं काय विचारलं तर, "जेवलास का?" तो पोरगा दहा महिन्यांत अर्धा झाला होता. त्यानं शिवकांताला हात जोडले.  "बसमध्ये पुढं बैस, मागं धक्के बसतात," असं काहीतरी ती बोलून गेली.

ती गाडीकडं वळली तेव्हा लिंबाच्या झाडाखाली एक बाई एकटीच उभी दिसली. कपाळ मोकळं, साडी धुवट. नरसिंगची पारूबाई. पुतण्यानं नवऱ्याला मारलं, हे धरून ती दहा महिने जगली होती, आणि आज तेही कुणी हातातून काढून घेतलं होतं. शिवकांता थांबली. शिव्या मिळाल्या तरी ऐकून घ्यायची तिची तयारी होती.

"डॉक्टरीन बाई," पारूबाई म्हणाली, "त्येला लई तरास झाला का?"

"नाही. झटका बसला की शुद्ध लगेच जाते. डोकं आपटलं ते त्याला कळलंही नसेल."

पारूबाईनं मान डोलावली. ती पदराच्या टोकाशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "अजून एक इचारू? त्या दिशी सकाळी साडेआठापत्तुर चौथ व्हती. पुढं पंचमी लागली. भटजीनं पंचांगात पाहून सांगितलं तवा. पोलीस म्हनले सातला गेला, म्हनून मी दर म्हैन्याला चौथीलाच त्येचं पान वाढून राहिले. आता वर्साचं यायलंय. तुमी साडेनवाच्या पुढं म्हनलाव. साडेआठाच्या आधी न्हाई ना गेला तो? पक्कं?"

दहा वर्षांच्या नोकरीत शिवकांताला वकिलांनी, पोलिसांनी, न्यायाधीशांनी वेळ विचारली होती. हा हिशेब तिला कुणी विचारला नव्हता. तिनं घाईनं उत्तर दिलं नाही. साडेनऊची रेषा, तिच्या अलीकडचा एक तास, एकाच बाजूला ओढणाऱ्या साऱ्या चुका, सगळं मनातल्या मनात पुन्हा एकदा तपासलं.

"साडेआठच्या आधी नाही, पारूबाई. पक्कं. लाईट अकराला आली, म्हणजे अकराच्याही नंतरच. मी हे शपथेवर सांगितलंय."

"मग पंचमी," पारूबाई म्हणाली.

"पंचमी."

पारूबाईनं पदर सावरला, चपला पायात सरकवल्या आणि देगलूरच्या बसची चौकशी करायला ती फाटकाकडं चालू लागली.